पायपिट्याची माफी

माझ्या सासरी मला 'शेणवाली बाई' म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, पण लग्नकार्यात बायका कुजबुजतात आणि धाकटे दीर जेवताना मुद्दाम विचारतात, "वहिनी, या वर्षी शेणाचं पीक कसं काय?" मी जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि सुट्टी लागली की साक्रीपुढच्या एका पठारावर जाऊन शेण उकरते. हसा म्हणावं. त्या शेणात मला जे भेटलं, ते यांच्या सात पिढ्यांना भेटायचं नाही.

तो एक शेणकिडा आहे. काळा, अंगठ्याच्या नखाएवढा, पाठीवरची दोन्ही कवचं मधोमध जुळलेली. त्याखाली पंखच नाहीत. बाकीचे शेणकिडे शेण पडायचा अवकाश, कुठून कुठून उडत येऊन तुटून पडतात. हा आपला पायी. सकाळी वारा सुटला की एखाद्या खड्यावर चढतो, मिशा पसरतो, वास घेतो आणि चालू लागतो. कधी वेळेवर पोचतो, कधी पोचेपर्यंत उडणाऱ्यांनी सगळं फस्त केलेलं असतं, मग हा तसाच मागे फिरतो. पठाराखालच्या पांजरापोळेच्या गायी राखणाऱ्या पुनाने त्याचं नाव पायपिट्या ठेवलंय. शास्त्रीय नाव अजून मिळायचंय, पण मीही पायपिट्याच म्हणते.

त्याची मादी पावसाळ्यात एकदाच पिल्लाला जन्म देते, तेही एकाच. शेणाचा एक गोळा करून ती तो मागच्या पायांनी ढकलत नेते, मऊ जागा बघून हातभर खोल पुरते आणि त्यात एकच अंडं घालते. मग वर येत नाही. अंधारात त्या गोळ्यापाशी बसून राहते, त्याला बुरशी लागू देत नाही, तडा गेला तर लिंपते. स्वतः काही खात नाही. पुढच्या पावसाळ्यात पिल्लू किडा होऊन बाहेर पडतं आणि तोवर आई बहुतेक मेलेली असते. आम्ही शोधलं तिथवर हा किडा या एका पठाराखेरीज कुठेही सापडलेला नाही. पठाराच्या खाली चारी बाजूंनी नांगरलेली शेतं आहेत आणि नांगरटीची ढेकळं चढून पलीकडे जाणं त्याला जमत नाही.

आता तो इथेच का टिकला, ते सांगते. पठाराच्या पायथ्याला एक पांजरापोळ आहे. साक्रीच्या कन्हैयालाल शेठजींनी ती काढली, भाकड आणि म्हाताऱ्या गायी-बैलांसाठी. शेठजी गेले, पण त्यांच्या पत्नी धनकुंवरबाई अजून रोज सकाळी मोटारीतून येतात आणि प्रत्येक जनावराच्या तोंडावरून हात फिरवतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू, पण जनावर ओळखण्यात चूक नाही. त्यांचा एक नियम होता आणि तो शेठजींच्या काळापासून कोणी मोडला नव्हता. जनावराला जंताचं औषध द्यायचं नाही. कारण जंत हाही जीवच.

गुरांचे डॉक्टर येऊन कपाळाला हात लावायचे. गायींच्या बरगड्या दिसायच्या, हे खरं. मला त्या गायींचं वाईट वाटायचं, हेही खरं. पण ते औषध जनावराच्या पोटातून शेणात उतरतं आणि शेणात वाढणारी अळी त्याने मरते. आजूबाजूच्या सगळ्या गावांत औषध पोचलं होतं. या एका म्हातारीच्या हट्टामुळे पठारावर पडणारं शेण तेवढं बिनविषारी होतं. हट्ट मोडेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

दादीजींना, म्हणजे धनकुंवरबाईंना, मी हा किडा तळहातावर ठेवून दाखवला होता. त्यांना नीट दिसला नसावा. बोटाने त्याची पाठ चाचपून त्या म्हणाल्या, "उडत नाही? मग कावळ्याने टिपला तर कसा पळेल हा?"

"पळत नाही, दादीजी. मेल्याचं सोंग घेतो."

"आणि आई लेकरापाशी बसून राहते?"

"बसून राहते."

त्यानंतर त्या रोज गायींच्या आधी पायपिट्याची खबर विचारायला लागल्या. माझ्या सख्ख्या नवऱ्याने एवढी विचारपूस कधी केली नाही.

या वर्षी वनखात्याची आणि मुंबईच्या तज्ज्ञांची मंडळी पठार बघायला येणार होती. त्यांना पटलं तर पठार राखीव होणार होतं. उन्हाळाभर मी त्याच खटपटीत होते. कॉलेजच्या परीक्षा आटोपून मी आर्द्रा नक्षत्रात साक्रीला उतरले, तर पांजरापोळेच्या फाटकाला झेंडूची सुकत आलेली तोरणं. त्यावर कापडी फलक, 'भव्य जंतनिर्मूलन शिबिर'. मला वाटलं, मी चुकून दुसरीकडे आले.

रोनक, दादीजींचा नातू, पेढ्यांचा डबा घेऊन समोर आला. मुलगा गुणी. शहरात शिकून परत येऊन आजीचं काम पुढे नेणारा. चेहरा आनंदाने फुललेला.

"मॅडम, मागच्या आठवड्यात सगळ्या गायींना इंजेक्शन झालं. दादी तयार झाली, मानाल का? तुमच्यासाठीच केलं हे."

"माझ्यासाठी?"

"तुमच्या किड्यासाठी. दादीच म्हणाली, जंतांनी भरलेलं शेण खाऊन ते लेकरू आजारी पडत असेल, म्हणूनच ते एवढं दुर्मीळ झालं असेल. आणि पाहुणे येणार, तर गायीही सुधारलेल्या दिसायला हव्यात. जंत मरतील त्याचं प्रायश्चित्त म्हणून तिने बेला केला. दोन दिवस पाण्यावर. या वयात!"

मी तिथेच मातीत बसले. पेढा हातात होता तो कुठे गेला, आठवत नाही. आयुष्यभर जिने जंत मारू दिला नाही, त्या बाईने एका किड्याच्या मायेपोटी आपला नियम मोडला होता आणि त्याच मायेने किड्याच्या तोंडात विष घातलं होतं. हे असं दुसऱ्या कोणाच्या घरी घडलंच नसतं. दुसऱ्या कोणाला किड्याच्या लेकराची काळजीच वाटली नसती.

रोनकला मी सगळं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरत गेला. मग तो माझ्यावरच चिडला. "आधी नाही का सांगायचं? आम्हाला काय स्वप्न पडणार होतं?"

"तुझी आजी औषध देईल असं मला तरी स्वप्न पडणार होतं का?" मीही आवाज चढवला.

दोघंही बरोबर होतो आणि दोघांच्याही भांडणाने एक अळी वाचणार नव्हती. औषधाचा अंश कित्येक आठवडे शेणात उतरणार होता. नेमके हेच आठवडे पायपिट्याच्या माद्या गोळे करतात. उडणारा किडा असता तर दुसरं शेण शोधायला दुसऱ्या गावी गेला असता. हा कुठे जाणार?

"दादीला सांगू नका," रोनक शेवटी म्हणाला. "ती मरेल, मॅडम."

मी कबूल केलं.

त्याच दिवसापासून गायी पठारावर पाठवणं बंद केलं. पण गायी वर गेल्या नाहीत तर किड्यांना शेण कुठून मिळणार? विषारी दिलं तर पिल्लं मरतात, नाही दिलं तर गोळेच होत नाहीत. बिनऔषधाचं शेण हवं होतं आणि तेही ताजं. मी साक्रीच्या बाजारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत सुटले, तुमच्या गायीला जंताचं औषध दिलंय का? लोक आधी दचकायचे, मग हसायचे.

"शेणना बजार आते भराले लागना का, ताई?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

भाजीवाली एक बाई कळवळून म्हणाली, "आमनी म्हईसले मांगला हप्तामाच पाजं वं माय. पह्यलेच सांगती तर थांबतू."

सगळ्यांनी पाजलं होतं. पावसाच्या तोंडावर सगळेच पाजतात, कारण शहाण्या माणसाने तेच करायचं असतं. माझं शहाण्यांशी काही भांडण नव्हतं, मला फक्त एक अडाणी गाय हवी होती.

ती पुनाने दाखवली. गोठ्याच्या टोकाला, गोणपाटावर पडलेली मोरी.

"बठ्ठास्ले सुया टोच्यात," पुना म्हणाला. "ही एकली ऱ्हायनी. डॉक्टरनी सांगं, हिले कसाले टोचानं, ही आते जावानीच शे."

मोरी दादीजींची लाडकी. शेठजी असताना आलेली. आता उभी राहायची ती पुनाने आणि दुसऱ्या कोणी पोटाखालून आधार दिला तर. डोळ्यांतून पाणी गळत होतं. दिवसभरात टाकायची ते शेण ओंजळभर. मी त्या ओंजळीकडे बघितलं आणि मला रडू फुटलं. एका अख्ख्या जातीचा जीव त्या म्हाताऱ्या गायीच्या पोटावर आला होता.

मी कॉलेजला रजा टाकली. सकाळी मोरीचं शेण घमेल्यात घ्यायचं, ओल्या फडक्याने झाकायचं आणि पठार चढायचं. रोनकही यायचा. इस्त्रीचा शर्ट घालून पेढीवर बसणारा मुलगा डोक्यावर घमेलं घेऊन चिखलात घसरायचा, पण एकदाही कुरकुरला नाही. जिथे पायपिट्या दिसेल तिथे, त्याच्या वाऱ्याच्या अंगाला, आम्ही शेणाचे छोटे छोटे ढीग ठेवायचो. शिबिरानंतर गायी आठवडाभर वर चरल्या होत्या, त्यांचे पो, म्हणजे पडलेले शेणाचे ढीग, शोधून गोण्यांत भरून खाली आणायचो. पण पाऊस आमच्या आधी पोचायचा. शेण मातीत मिसळलं की विषारी कुठलं आणि चांगलं कुठलं, कसं ओळखणार? एकदा एक मादी माझ्या डोळ्यांदेखत मोरीच्या ढिगाला वळसा घालून गेली आणि जुन्या पो-मधून गोळा कापायला लागली. मी तिला उचलून चांगल्या ढिगावर ठेवलं. तिने मेल्याचं सोंग घेतलं, आणि मी पाठ फिरवली तशी ती पुन्हा तिकडेच चालू लागली. मी तिला शिव्या घातल्या. भरपावसात, पठारावर उभं राहून, एका किड्याला.

उडणारे किडे तर मोरीच्या शेणाचा क्षणात फन्ना उडवायचे. त्यांना हाकलायला मी ओढणी घेऊन बसायचे. माझ्या अभ्यासात त्यांचीही नावं आहेत, पण त्या दिवसांत त्यांचा मला दुष्मनासारखा राग यायचा.

आणि मोरी खाईना. मी तिला बाजरीचं आंबोण भरवायचे, गूळ चारायचे, कोवळं गवत आणून तोंडाशी धरायचे. ती मान फिरवायची. मी पुन्हा धरायचे. एका दुपारी पुनाने माझा हात बाजूला सारला. तो कधी माझ्या शब्दाबाहेर गेला नव्हता.

"तिले आते सुखनी जाऊ द्या, ताई."

"थोडे दिवस, पुनाभाऊ. माद्या अजून गोळे करताहेत."

 मोरीच्या पाठीवर जखमा झाल्या होत्या, त्यांना तो हळद लावत बसला. मला माझी लाज वाटली. तरीही मी गूळ पुढे केलाच.

श्रावण लागला आणि मोरी गेली. मी घमेलं घेऊन गोठ्यात गेले तर पुना दारातच उभा होता. "मोरी गयी, ताई. पहाटले." मागे दादीजींचा आवाज येत होता, त्या तिच्या कानात नवकार म्हणत होत्या. मी रिकामं घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसून राहिले.

वनखात्याच्या मंडळींनी येणं पुढे ढकललं होतं. बरंच झालं. त्यांना दाखवायला माझ्याकडे काय होतं? पठारावर आता एकही किडा चालताना दिसत नव्हता. ज्या माद्या होत्या त्या जमिनीखाली गेल्या होत्या. मी दगडांच्या खुणा केल्या होत्या. कुठे खूप आधी, विषारी शेणाच्या दिवसांत पुरलेले गोळे, तर कुठे नंतरचे. खाली काय चाललंय ते कळायला हवं होतं, म्हणून आधीच्यांतली एक जागा मी खुरप्याने हलक्या हाताने उघडली.

मादी जिवंत होती. उजेड पडताच तिने मेल्याचं सोंग घेतलं नाही. उलट पुढे सरकली आणि पुढच्या पायांनी गोळ्याला कवटाळलं. गोळा इतका सुंदर लिंपलेला, की कुंभाराने करावा. बुरशीचा ठिपका नाही. मी तो तिच्या पायांतून सोडवला आणि फोडला. आत अळी काळी पडून वाळली होती. कधीच मेली असावी. आणि ही बया उपाशीपोटी बसून त्याच्यावरून रोज पाय फिरवत होती.

मी फुटलेला गोळा तिच्यापुढे ठेवला. तिने तुकडे जवळ ओढले आणि पुन्हा जोडायला घेतले.

मी दुसरी जागा उघडली, तिसरी उघडली. तेच. त्यानंतर खुरपं हातात धरवेना. शेवटच्या एका खुणेवर, एका सपाट दगडाजवळ, नंतर गेलेली मादी होती. तिने मोरीच्या शेणातून गोळा कापताना मी पाहिलं होतं. पण त्याआधी ती कुठे भटकली होती आणि गोळ्यात आधीचं काही मिसळलं होतं का, हे मला माहीत नव्हतं. उघडलं तर कळलं असतं. उघडलं तर तो गोळा वाळून मेलाही असता. मी माती पुन्हा दाबली आणि खाली आले.

पर्युषणाचे दिवस आले. दादीजींचे उपवास सुरू झाले. त्यांनी एक दिवस मला विचारलं, "गायी वर का जात नाहीत, बेटा?" मी म्हटलं, चिखल आहे, पाय घसरतात. दुसऱ्या दिवशी विचारलं, "पायपिट्या कसा आहे?" मी म्हटलं, खाली गेलाय, दादीजी, या दिवसांत दिसत नाही. खोटं असं काहीच बोलले नाही, आणि तरीही त्यांच्यापुढून मी लवकर पाय काढायचे.

पर्युषण संपवणाऱ्या संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी जैन घरांत सगळे एकमेकांची माफी मागतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचं आणि समोरच्यानेही तेच म्हणून मन मोकळं करायचं. वैर असो की पाप, ते या दिवसापुढे न्यायचं नाही. सकाळपासून रोनकचा फोन वाजत होता. दादीजींनी पुनाला हात जोडले, गोठ्यातल्या प्रत्येक जनावराला जोडले, मला जोडले. मीही जोडले. मग त्या म्हणाल्या, "मला वर घेऊन चला."

रोनक दचकला. चातुर्मासात दादीजी ओल्या गवतावर पाय ठेवत नाहीत, पायाखाली जीव चिरडतात म्हणून. "दादी, तुझा नियम?"

"नियम मी पावसाच्या तोंडावरच मोडला," त्या म्हणाल्या. "मोरी गेली त्या दिवशी पुनाला शपथ घातली. त्याने सगळं सांगितलं. तुम्ही दोघं माझ्यापासून लपवत होता, तेही त्यातच आलं. तुमची माफी झाली. आता ज्यांची राहिली त्यांच्याकडे न्या."

पुना मान खाली घालून उभा होता.

आम्ही त्यांना खुर्चीवर बसवून वर नेलं. मोठ्या चढावर खुर्ची हलायची तशा त्या डोळे मिटायच्या. पठारावर ऊन पडलं होतं, सोनकीची पिवळी फुलं सगळीकडे. दादीजींना ती फक्त पिवळी दिसत असावीत.

"कुठे आहेत ते?"

मी त्यांना सपाट दगडापाशी नेलं. "इथे एक आहे, दादीजी. खाली."

"आणि बाकीचे?"

मी आधी उघडलेल्या जागांकडे वळले. त्यांनी माझा हात धरला होता, त्यावरून त्यांना कळलं असावं. 

"आई बसलीय?"

"बसलीय."

"आणि लेकरू? ते आहे ना जिवंत?"

हो म्हणावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. काय बिघडलं असतं? पण समोर ती बाई हात जोडायला आली होती आणि त्या हातांपुढे मला खोटं टाकता येईना.

"माहीत नाही, दादीजी. उघडून बघितलं तर मरेल."

"कधी कळेल?"

"पुढच्या पावसाळ्यात. बाहेर आलं तर."

रोनकने हात दिला, तो त्यांनी झिडकारला. गुडघ्यांवर बसल्या, मग ओल्या मातीला कपाळ टेकवलं. "मिच्छामि दुक्कडम्," त्या जमिनीला म्हणाल्या. मग तशाच वाकून राहिल्या, कान मातीजवळ. समोरचा उत्तर देतो, ही त्यांची उभ्या जन्माची सवय. रोनकला ते बघवेना, तो पाठमोरा झाला. मी तिथेच उभी होते.

शेवटी त्यांनी डोकं वर केलं. कपाळाला चिखल लागला होता.

"गेल्या वर्षी मी देवाला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "सगळ्यांशी मिटलं, आता कधीही ने." त्यांनी दगडावर हात ठेवला, मोरीच्या तोंडावरून फिरवायच्या तसा फिरवला. "आता नाही जाता येत, बेटा. उत्तर यायचंय."

पुनाने आणि रोनकने खुर्ची उचलली. उतरताना त्या मागे तोंड करून बसल्या होत्या.